माय "कडू" म्हणाली

"नाक घास," भगत म्हणाला, आणि मी घासलं.

तेव्हा सोळा वर्षांची होते. नागोबाच्या ओट्याखाली, चिखलात. ओट्यावर चढायची आम्हा बौद्धांना बंदी. माय माझ्यामागं आडवी पडलेली, पायाला माझ्याच ओढणीची चिंधी. मालकांच्या कपाशीत निंदताना तिला साप चावला होता. सौंसरचा सरकारी दवाखाना गाडीनं अर्ध्या तासावर. मालकांची गाडी बांधावरच उभी होती. तिच्यात मायला घातलं, आणि गाडी वळवली ती ओट्याकडे.

रामाकोन्याजवळच्या आमच्या गावात नाग म्हणजे काही साधासुधा साप नव्हे. ओट्यामागच्या भिंतीवर तो रंगवलाय, सात फण्यांचा, तोंडातून जाळ काढणारा. त्याची शेपटी आमच्या टेकडीखाली आणि तोंड थेट पचमढीच्या डोंगरात, असं म्हणतात. तो हलला की विहिरी आटतात. त्याच्या हद्दीत कोणाला साप चावला तर त्याच्यापुढंच आणायचं. मग कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर विष उतरलं, नाही लागला तर अजून अंगात आहे.

इतरांना भगत पाला हातात देतो. आम्हाला त्यानं वरून फेकला. मी चिखलातून वेचला, पुसला, मायच्या तोंडात घातला. काहीच लागत नाही म्हणाली.

भगत मालकांकडे पाहून बोलला, "हिच्या आज्यानं घरचे देव कन्हान नदीमंदी सोडले. नाग थोच राग काढून राहिला. पोरीले पाच फेऱ्या घालू द्या."

आज्यानं देव सोडले तेव्हा माझा जन्मही नव्हता. पण ओट्याभोवती गुडघ्यांवर मी चालले. दर चार हातांवर नाक मातीला. मालक वर बसून बघत होते. त्यांची मुलगी, माझ्याच वर्गातली, मोबाइलवर माझा व्हिडिओ काढत होती. एक फेरी झाली की पाला. लागत नाही. पुन्हा फेरी. तिसरीला नाकाचं सालटं गेलं, रक्त ओठांवर आलं. मायच्या पापण्या मिटत होत्या, तरी ती माझ्याकडेच बघत होती.

पुन्हा पाला दिला. तिनं सावकाश चावला.

"कडू लागते," ती म्हणाली. "लय कडू. आता उठवा माह्या पोरीले."

नारळ फुटला. जयजयकार झाला. मला आनंद झाला. हे सांगायला लाज वाटते, पण झाला. गुडघे सुटले म्हणून झाला. घरी आल्यावर मी तिला चहा करून दिला. तो तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून गळत राहिला. दिवस मावळायच्या आत माय गेली.

पाला तिला कडू लागलाच नव्हता. मला चिखलातून उठवायला ती खोटं बोलली. हे मला कळलं तेव्हा मी तीन दिवस जेवले नाही.

दहाव्या दिवशी मालकीणबाई दाराबाहेर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, दोन फेऱ्या राहिल्या म्हणून नागानं नेलं तिला. नागपंचमीला त्या पूर्ण कर, नाही तर तुमच्या मोहल्ल्यातलं कोणी आमच्या शेतात कामाला यायचं नाही.

नागपंचमीला मी गेले. सारा गाव जमला होता. चपला घालूनच ओट्याच्या पायऱ्या चढले. भगताच्या ताटातला पाला उचलला, चावला आणि त्याच्यापुढं थुंकले.

"कडू आहे," मी म्हणाले. "माह्या मायले नव्हता लागला. मले उठवासाठी खोटं बोलली. तुमच्या देवाले एवढंही समजलं नाही."

मला केसांना धरून खाली ओढलं. खूप मारलं. त्या हंगामात मोहल्ल्यात कोणालाच निंदण मिळालं नाही, आणि आमचीच माणसं माझ्याशी बोलेनाशी झाली. त्यांचंही खोटं नव्हतं. पोट सगळ्यांनाच आहे.

मी गाव सोडलं नाही. आता दारात जुनी मोटारसायकल आहे. पावसाळाभर तिची टाकी भरलेली असते. ओट्यावर कोणाला आणलं असं कळलं की मी जाते, पायऱ्या चढते, माणूस उचलते, मागं कोणाला तरी धरायला बसवते आणि सौंसर गाठते. यंदा दोघांना नेलं. एक वाचला नाही. त्याचं खापर माझ्यावर फुटलं. फुटू दे.

उद्या मालकांच्या घरचं कोणी असलं तरी जाईन. पाला कसा लागतो ते मी कोणाला विचारत नाही, आणि यापुढं कोणाला विचारू देणार नाही.