चार गुण, दोन दोष

माणूस जितका गंभीर, तितके त्याचे किस्से जास्त. आमच्या हसऱ्या मास्तरांचा एकही किस्सा आता आठवत नाही. पाठक सरांचे मात्र पोतंभर! साठ-बासष्टच्या सुमारास आर्णीत त्यांनी आम्हाला मॅट्रिकला मराठी शिकवलं. शिकवलं म्हणजे, लिहून दिलं.

स्वभावचित्राचा प्रश्न सहा मार्कांचा. म्हणून सरांच्या मते प्रत्येक पात्राला चार गुण आणि दोन दोष! एका गोष्टीतली नायिका इतकी सोशिक, की दोष काही सापडेना. मी तसं म्हणालो. सर कडाडले, "शोध! दोन मार्क काय तुझा बाप देईल?"

*

कवितेतला पक्षी म्हणजे आत्मा, नदी म्हणजे आयुष्य, बैलगाडी म्हणजे देह. माझ्या बाकावर गोपा राठोड बसायचा, तांड्यावरून रोज पायी येणारा. त्यानं विचारलं, "सर, बैलगाडी बैलगाडीच असली तं?"

"मग पेपरात काय लिहिशील, गाढवा? कडबा?"

*

गॅदरिंगच्या नाटकात खलनायकाचं काम तहसीलदारांच्या चिरंजीवांकडे गेलं. साहेब स्वतः पहिल्या रांगेत बसणार! सरांनी लगोलग खलनायक सज्जन करून टाकला. पण नायकाला शेवटी मरायचं तर होतंच. मग तो टायफॉइडनं मेला.

*

शाळेचे सेक्रेटरी वारले. शोकसभेत सर उभे राहिले. दानशूर, शिस्तप्रिय, मितभाषी, धर्मनिष्ठ... समोर घरची मंडळी डोळे पुसत होती. सर सवयीनं म्हणाले, "आता दोष पाहू!"

हेडमास्तरांनी तिथल्या तिथे दोन मिनिटं शांतता सुरू केली.

*

आणि गोपाचा फॉर्म! त्याच्या तांड्यातून मॅट्रिकला बसणारा तो पहिलाच. सराव परीक्षेत एका धड्यातल्या सासूचं स्वभावचित्र आलं. ही सासू सुनेच्या ताटातली अर्धी भाकर उचलून ठेवते. गोपानं लिहिलं, 'सासू दुष्ट नाही, भुकेली आहे.' सहापैकी शून्य! चार मार्कांनी तो मराठीत नापास झाला. "याला पात्रच समजत नाही," म्हणत सरांनी फॉर्म अडवला. आमचा नुसता संताप झाला, पण सरांपुढे तोंड कोण उघडणार?

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी गोपाची याडी, म्हणजे आई, चालत आली आणि हेडमास्तरांच्या खोलीत फरशीवर बसली. "पोराचं काय चुकलं थे मले दाखवा. मंग मी चालली."

"हिला काय दाखवू, कपाळ!" सर पुटपुटले.

"धडा वाचून दाखवा," हेडमास्तर म्हणाले. आम्ही खिडकीला चिकटलो होतो.

सरांनी अख्खा धडा वाचला, अगदी सासूचा आवाज काढून. मग म्हणाले, "समजली सासू?"

"समजली. पन मास्तर, सासूले कोन वाढे?"

"म्हणजे?"

"थे सून होती तवा. तिले पोटभर कोन वाढे? लिहिलं असन ना पुस्तकात."

सरांनी पुस्तक पुन्हा उघडलं आणि पहिल्या ओळीपासून शोधायला लागले. तेवढ्यात हेडमास्तरांनी फॉर्म ओढून सही ठोकली. सर अजून पानं उलटत होते.

याडी म्हणाली, "पाहा सावकाश. मी बसून हाये."