झाकणांवरचे आकडे

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी, गणेशचवथीच्या आधीचा शनिवार. हजर: मी, आई, धाकटी बहीण. शिवाय मये गावातल्या आमच्या घरी जनेलाखाली, म्हणजे खिडकीखालच्या फळीवर, झाकणं असलेल्या काचेच्या बारा बश्या.

बश्यांत हळर्णच्या किल्ल्याच्या भिंतीवरून आणलेलं मॉस होतं, मखमली शेवाळ. सहांत मी ऑक्झिन या संप्रेरकाचे थेंब घालत होते, सहांत नुसतं पाणी. मॉसचं पान एकाच पेशीच्या जाडीचं. फुलझाडांच्या पानापासून ते आलेलं नाही, उत्क्रांतीत वेगळंच घडलं. तरी तेच संप्रेरक त्यालाही आकार देतं का, हा माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा प्रश्न. सोमवारी माझे मार्गदर्शक सर बघायला येणार होते. त्यांना पटलं तर महाविद्यालयातली तात्पुरती जागा मला मिळणार होती.

बाजारातून आले तर फळी लख्ख. बश्या नव्याने मांडलेल्या, झाकणं धुऊन उन्हात. आकडे मी झाकणांवरच रंगवले होते, बश्यांवर नाहीत. कुठलं झाकण कुठल्या बशीचं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"फळीला हात कोणी लावला?"

"चवथ इली. सगळां घर झाडलां, ती फळी तेवडी सोडूं?" आई म्हणाली. "गणपती तुजां शेवाळ बघूक येतलो काय गो?"

बहीण खिदळली. "ताई, जास्त हिरव्या पुढे लावल्यात हां, शोभेला!"

माझा चेहरा बघून आईचा आवाज उतरला. "नोकरी जातली?"

मी भिंग घेतलं. काही बश्यांत पानं लांब, अरुंद. काहींत आखूड, रुंद. लांब पानांवर ऑक्झिनची झाकणं ठेवली की झालं. पण मग उत्तर आधीच ठरवून प्रयोग केल्यासारखं होणार, हे मला कळत होतं. तरी मी तशीच ठेवली. दोन बश्या तर मधल्याच होत्या. त्यांच्यावर अंदाजाने झाकणं ठेवली.

सोमवारी सर म्हणाले, "फरक स्पष्ट आहे." जागा मिळाली. पुढे कायमही झाले. अजून कुणी विद्यार्थी ग्रंथालयातून तो प्रबंध मागतो, तेव्हा मी त्याला दुसरं काहीतरी सुचवते.

त्या शनिवारची बाजाराची यादी मी जपली आहे. माटोळीचं सामान, गणपतीवर टांगायची फळं-पानं: खूण केलेली. दिव्याचं तेल: खूण केलेली. खाली घाईत लिहिलेली ओळ: सरांना सांगणे.

सर निवृत्त होऊन केरीला राहतात. त्या ओळीपुढे खूण नाही.