भैरू आडवा उभा राहिला

आमचे हे गेले, त्यानंतर पहिलं वर्षभर मी दत्तमहाराजांच्या तसबिरीपुढे नुसतीच बसायची. मागायचं काही सुचायचंच नाही. दुसऱ्या वर्षी मात्र रोज एकच मागणं सुरू झालं. महाराज, या शेळ्यांचं आणि या कुत्र्याचं मी काय करू, ते तुम्ही सांगा. काहीतरी खूण दाखवा. आणि महाराज काही दाखवत नव्हते. सकाळी दिवा लावायचा, विचारायचं, थोडा वेळ थांबायचं आणि उठायचं. कधीकधी वाटायचं, पलीकडे कोणी ऐकतंय तरी का? की आपण भिंतीशीच बोलतो आहोत?

आमचं गाव तळोज्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. भातशेती कधीच गेली, तिच्यावर आता गोदामं आणि इमारती उभ्या आहेत. डोंगराची उतरण आणि मधला एक ओढा तेवढा शिल्लक आहे. ह्यांची नोकरी कंपनीत होती, पण ड्युटी संपली की माणूस शेळ्यांत. भैरू त्यांनीच आणला. डोळेही नीट न उघडलेलं काळं पिल्लू होतं ते. शेळीच्या दुधावर वाढलं, करडांच्या उबेत झोपलं. त्यामुळे त्याला आपण कुत्रा आहोत हे माहीत होतं की नाही, देव जाणे. मोठा झाल्यावर कळपाचा सगळा कारभार त्यानं स्वतःकडे घेतला. उगाच भुंकणं नाही, धावाधाव नाही. मागे राहिलेल्या शेळीला नाकानं ढकलायचा. डंपरचा रस्ता आला की आधी स्वतः कडेला उभा राहायचा आणि तो हलल्याशिवाय एकही शेळी पुढे पाय टाकायची नाही. ह्यांना त्याचं इतकं कौतुक, की जेवताना पहिली भाकरी त्याची. हे गेल्यावर तो काही दिवस गोठ्याच्या दारात बसून वाट पाहत होता. मग एका सकाळी उठला, माझ्या पदराला तोंड लावून ओढलं आणि शेळ्यांपुढे चालू लागला. तेव्हापासून शेळ्या मी चारते. खरं म्हणजे भैरू चारतो, मी सोबत जाते.

मुलगा करंजाड्याला फ्लॅटमध्ये राहतो. गुणी आहे, सूनही मायाळू आहे. त्याचं म्हणणं एवढंच, "आई, तुझे गुडघे बघ. त्या कंपन्यांच्या मागं एकटी फिरतेस, मला ऑफिसात टेन्शन येतं." त्याची काळजी खोटी नव्हती. शेवटी मी हो म्हटलं. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी व्यापारी येऊन शेळ्या नेणार, भैरू शेजारी माझ्या जावेकडे राहणार आणि मी करंजाड्याला जाणार, असं ठरलं. मनात महाराजांना म्हटलं, तुम्ही काही बोलला नाहीत, आता मी ठरवलं.

म्हणजे दत्तजयंतीचा दिवस हा शेळ्यांसोबतचा माझा शेवटचा दिवस होता. मला सर्दीनं बेजार केलेलं होतं. नाक चोंदलेलं, डोकं जड. तरी निघाले. दुपारपर्यंत उतरणीवर चारलं आणि तहानलेला कळप घेऊन ओढ्याकडे वळले. हा ओढा कंपन्यांच्या वरच्या अंगाला आहे, आमची जनावरं वर्षानुवर्षं तिथंच पाणी पितात. पाणी रोजच्यासारखं दिसत होतं. निवळ, तळाचे दगड दिसत होते. शेळ्यांनी पाणी पाहिलं आणि धाव घेतली.

आणि भैरू आडवा उभा राहिला.

तो कुठून कसा पुढे गेला ते मला दिसलंसुद्धा नाही. काठावर पोचून तो वळला, शेळ्यांकडे तोंड करून उभा राहिला आणि भुंकू लागला. असा भुंकताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. शेळी एका बाजूनं घुसली की तो तिकडे झेपावायचा, दुसरी आली की इकडे. आमची चांदी म्हणजे सगळ्यांत वडीलधारी शेळी, तिच्या नाकाशी त्यानं दात दाखवले. मला काही समजेना. तहानेनं जनावरं कासावीस झालेली आणि हा वेड्यासारखा करतोय. मी ओरडले, "भैऱ्या, बाजूला हो! पिऊ दे त्यांना!" तो ऐकेना. मी काठी उगारून पुढे गेले, तर तो काठीकडे बघायलाही तयार नव्हता. पाठीवर पडली असती तरी तो हलला नसता.

एवढ्यात एक करडू त्याच्या मागून निसटलं आणि सरळ पाण्यात उतरलं. दोन पावलं गेलं आणि किंचाळलं. भैरूनं मागे वळून उडीच घेतली. पोटापर्यंत पाण्यात जाऊन त्यानं करडाची मान तोंडात धरली आणि ओढत ओढत त्याला काठावर आणून टाकलं. मग तो स्वतः कोलमडला. तोंड गवतावर घासू लागला, पंजानं डोळे पुसू लागला, तोंडाला फेस आला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पाण्यात काहीतरी सोडलेलं होतं. माझं नाक बंद होतं, मला वास आला नव्हता. त्याला आला होता.

मी काठीनं, ओरडून, दगड आपटून शेळ्यांना वर चढवलं. करडाचे पाय थरथरत होते. माझ्याकडे प्यायच्या पाण्याची एक लहान बाटली होती, ती भैरूच्या डोळ्यांवर रिकामी केली. ती कुठे पुरणार! तो अंग चाटायला बघत होता आणि मी त्याचं तोंड पदरानं धरून ठेवत होते. आजूबाजूला माणूस नाही. मुलाला फोन लावला, लागेना. मी मोठ्यानं हाक मारली, "महाराज, पानी द्या! चांगलं पानी द्या मना!" त्या वेळी खूण वगैरे काही आठवत नव्हतं. नुसतं पाणी हवं होतं.

वरच्या कच्च्या रस्त्यावर धूळ उडाली. एक छोटा टेम्पो हेलकावे खात येत होता. मी रस्त्याच्या मध्ये जाऊन दोन्ही हात वर केले. करकचून ब्रेक लागला आणि टोपी घातलेला एक माणूस खिडकीतून डोकावला.

"ओ मावशी, मरायचंय काय? काय झालं?"

"कुत्रा पान्यात गेला, पान्यात कायतरी हाय..."

तो खाली उतरला आणि त्यानं नाक धरलं. "कसला वास येतोय ओ! डोळे चुरचुरायला लागले माझे. कोणीतरी टँकर खाली केलाय वाटतं वरती." मग त्यानं काठावर तडफडणारा भैरू पाहिला, एकदा स्वतःच्या टेम्पोकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो मावशी, पाणी हाय ना! गाडीभर पाणी हाय माझ्याकडं!"

तो टेम्पो पिण्याच्या पाण्याच्या जारचा होता. मागं रांगेनं निळे जार भरलेले. आज हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र काटा यायलाही सवड नव्हती. तो म्हणाला, "हाताला पिशव्या बांधा आधी. आमच्या चाळीत सगळे कंपनीतले, ते सांगतात, अंगावर केमिकल पडलं की पाणी ओतत राहायचं, थांबायचं नाय." आम्ही प्लास्टिकच्या पिशव्या हातांना गुंडाळल्या. मी भैरूचं तोंड धरलं आणि तो जार ओतू लागला. डोळ्यांवर, मानेवर, पोटाखाली, पंजांच्या बेचक्यांत. एक संपला की दुसरा. मग करडाचे पाय धुतले. मी म्हणत होते, "दादा, तुमचा माल..." तो म्हणत होता, "मावशी, तोंड घट्ट धरा त्याचं!"

भैरूनं मान टाकली होती, पण श्वास चालू होता. "चला, दवाखान्यात घालू," असं म्हणून त्यानं कुत्र्याला पोत्यात गुंडाळून उचललंसुद्धा. मी करडू कडेवर घेतलं आणि थबकले. कळप! सगळ्या शेळ्या चढावर उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना घरी न्यायला भैरू नाही, मीही नाही. मध्ये तो डंपरचा रस्ता. थांबावं तर कुत्रा जातो, जावं तर शेळ्या. माणसानं ठरवावं असं त्यात काही उरलंच नव्हतं. मी हात जोडले आणि म्हटलं, "महाराज, आता तुमच्या तुम्ही सांभाळा. मी चालले." आणि टेम्पोत बसले. इतक्या वर्षांच्या पूजेत मी महाराजांवर काही सोपवलं असेल, तर ते त्या एका क्षणी. आधी नुसते शब्द होते.

रस्त्यात जावेला फोन लागला. मी घडाघडा सांगितलं, ती चप्पल घालून तशीच निघाली. टेम्पोवाला हॉर्न वाजवत, खड्डे चुकवत, पनवेलच्या बाजूला जनावरांच्या दवाखान्यापर्यंत घेऊन गेला. बोलता बोलता म्हणाला, "मी दिघ्याचा. या साइडला आजच पहिल्यांदा आलोय. एका साइटवर जार द्यायचे होते, मोबाइलच्या मॅपनं त्या रानात नेऊन घातलं. शिव्या देत होतो मघाशी."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी भैरूला टेबलावर घेतलं, सलाईन लावलं आणि विचारलं, "याला धुतलं कोणी?" मी टेम्पोवाल्याकडे बोट केलं. "म्हणून आशा आहे," त्या म्हणाल्या. "अंगावर राहिलं असतं तर यानं चाटून सगळं पोटात घेतलं असतं. थोडं गेलंच आहे. संध्याकाळपर्यंत बघू." टेम्पोवाल्याच्या फोनवर साइटवरून ओरडा चालू होता. मी आत औषध घ्यायला गेले तेवढ्यात तो निघून गेला. नाव विचारायचंही राहिलं.

मुलगा ऑफिसातून धावत आला. मला वाटलं, आता म्हणेल, मी सांगत नव्हतो का? पण तो बूट काढून टेबलाजवळ उभा राहिला आणि भैरूच्या कपाळावर हात ठेवून त्याला अगदी त्याच्या वडिलांच्या लकबीत हाक मारत राहिला. भैरू डोळे उघडेना.

दिवस कलला. दवाखान्याच्या मागे कुठेतरी मांडवात दत्तजन्म चालू होता, स्पीकरवर पाळणा लागला. त्याच वेळी माझा फोन वाजला. जाऊ होती, व्हिडिओ कॉलवर. धापा टाकत, हसत, रडत म्हणाली, "अगो, मी रस्त्याला पोचले तं तुज्या शेळ्या डोंगराकडच्या कडेला थांबून उभ्या! पुढं चांदी, मागं सगल्या. सगल्या हायेत गो, एक पन कमी नाय! ही बघ, ही बघ!" तिनं फोन गोठ्याकडे फिरवला. शेळ्या एकदम ओरडल्या. माझ्या हातातल्या फोनमधून तो सगळा गलका त्या खोलीत भरला, आणि भैरूचा कान हलला.

"आई, परत! आवाज वाढव!" मुलगा ओरडला. मी फोन भैरूच्या कानाशी नेला. शेळ्या ओरडत होत्या, बाहेर पाळणा चालला होता. भैरूनं आधी कान टवकारले, मग एक डोळा उघडला, मग मान उचलली, आणि सलाईन लावलेल्या पायासकट तो उठायलाच लागला. डॉक्टरीणबाईंनी त्याला दाबून धरलं. त्या हसत होत्या. "अरे राजा, थांब! ड्युटीवर जायचंय का लगेच?" मी तिथंच फरशीवर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. मुलगाही रडत होता. डोळे पुसत तो म्हणाला, "व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून कळवतो." मी त्याला एका शब्दानं काही म्हटलं नव्हतं.

आता भैरूचा डावा डोळा अधू आहे, पण काम चोख आहे. करडू चांगलं मोठं झालंय. मुलगा सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर डोंगरावर येतो आणि शेळ्यांना पाणी घरूनच पाजून न्यायची सोय त्यानं करून दिली आहे. त्या ओढ्याची तक्रार गावानं मिळून केली, तिचं काय व्हायचं ते होईल.

काही दिवसांनी टेम्पोवाला बायकोला घेऊन दाराशी उभा राहिला. दवाखान्यात विचारून पत्ता काढला होता. भैरूनं त्याच्या छातीवर पाय ठेवून त्याचं तोंड चाटून काढलं. मी पाया पडायला वाकले तर तो घाबरून पायरीवरून उतरलाच. "अहो मावशी, काय करता! मी काय देव हाय का? माझा रस्ता चुकला होता फक्त." त्याची बायको हसत म्हणाली, "रोजच चुकतो यांचा." आम्ही सगळे पोट धरून हसलो. मग मी त्यांना भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं.

मी कोणाला चमत्कार सांगत नाही. मॅप चुकतात, कुत्र्यांची नाकं तिखट असतात, शेळ्यांना वाट पाठ असते. पण त्या दुपारनंतर देवाकडे खूण मागणं माझ्या हातून सुटलं. मी शांतपणे बसून विचारत होते, तेव्हा मला उत्तर एखाद्या गोड आवाजात हवं होतं. ते आलं तेव्हा दात दाखवत आलं, आणि मी त्याच्यावर काठी उगारली. आता कुठे काही अडलं, मनासारखं झालं नाही, की मी पहिल्यासारखी चिडत नाही. जरा थांबते. कोण अडवतंय ते बघते.

सकाळी दिवा लावते, मागत काही नाही. सांगते मात्र पुष्कळ: कोणती शेळी गाभण आहे, कोणाचा पाय दुखतोय, काल भैरूनं काय केलं. मग गोठ्याचं दार उघडते, शेळ्या धडपडत बाहेर पडतात, आणि तिथून पुढचा दिवस महाराजांचा, तो ते बघतात.