ते दोघे बसले की म्हणते

सिंगापूरला शिकायला आल्यावर खोली शोधताना फोनवर आधी एकच प्रश्न यायचा, "इंडियन आ?" हो म्हटलं की, "सॉरी ला, ओनर डोन्ट वॉन्ट." शेवटी सेंगकांगमधल्या एका मराठी काकूंनी त्यांच्या फ्लॅटमधली खोली मला दिली. "हा उघडउघड वर्णभेद आहे," असं त्याच तेव्हा म्हणाल्या होत्या. म्हणून मला वाटलं होतं, निदान त्यांना तरी कळेल.

त्या वर्षी मराठी मंडळींचं गणपतीचं जेवण आमच्याच ब्लॉकखाली, खांबांमधल्या मोकळ्या जागेत होतं. सतरंज्या, पंखे, टेबलं लावायला दोन कामगार आले होते. एक तमिळ, एक बांगलादेशी. पंगतीची ताटं मांडताना मी त्यांचीही दोन मांडली. काकूंनी ती उचलली.

"त्यांना तिकडे कचऱ्याच्या डब्यांपाशी पॅकेट दे."

"काकू, जागा आहे की."

"अगं, ते आणि आपण एक का? माणसं बघ तरी कशी काळीकुट्ट."

माझे वडील आमच्या तालुक्यात मांडव घालतात. घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील कधी कुणाच्या पंगतीला बसल्याचं मला आठवत नाही. मांडवामागेच त्यांना वाढायचे. हे इथे कुणाला माहीत नव्हतं. सांगायचं माझं धाडस तेव्हाही झालं नाही.

वाढून झालं. जेवणाआधीचा श्लोक कुणा विद्यार्थ्याने सांगायचा, अशी तिथली पद्धत होती. त्याआधी घास घ्यायचा नाही. यंदा माझी पाळी होती. मी उभी राहिले आणि गप्प राहिले.

"विसरलीस वाटतं!" कुणीतरी हसलं.

"नाही. ते दोघे बसले की म्हणते." आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा सांगावं लागलं.

हसू थांबलं. वरण निवत चाललं होतं.

"ए, इथे असली आंदोलनं चालत नाहीत हं," बँकेतले एक काका म्हणाले. "स्टुडंट पास रद्द करून परत पाठवतील, मग बस रडत."

"लहान मुलं उपाशी बसलीत, लाज वाटत नाही?" पंगतीतल्या एक बाई म्हणाल्या.

"एवढा पुळका असेल तर तू जा तिकडे," काकू म्हणाल्या. "आणि दुसरी खोलीही बघ."

मग त्या काकांनीच श्लोक सुरू केला. सगळ्यांनी तो जरा जास्तच मोठ्याने म्हटला.

मी माझं ताट घेऊन डब्यांपाशी गेले. तमिळ कामगार घाईने उठला. "सिस्टर, प्लीज गो. नेक्स्ट टाइम दे नो कॉल अस." मी त्यांना आधी विचारलंच नव्हतं. त्यांचं पुढचं काम जाईल, हे ध्यानातही आलं नव्हतं. परत पंगतीत जाववेना, म्हणून थोडी लांब, खांबाला टेकून जमिनीवर बसले आणि गार वरणभात कालवला.

पंगत उठल्यावर मी त्या दोघांबरोबर सतरंज्या गुंडाळल्या. त्याला मात्र कुणाचीच हरकत नव्हती.