मास्तरांची जत्रेतली लढत गाळायची न्हाई

यशवंतराव ओव्हाळ मास्तरांची आणि माझी गाठ पिरंगुटला कंपनीच्या गेटवर पडली. मी पत्रे दाबायच्या प्रेस शॉपला जुना, ते नवीन भरती झालेले. पयल्याच दिवशी नाक सुजलेलं. मला वाटलं, भांडखोर माणूस दिसतोय. कुणाशी जुंपली म्हणून इचारलं, तर म्हणले, "काल फायनल व्हती." जिंकला का इचारलं, तर नुसती मान हलवली आणि चहाच्या रांगेत जाऊन उभे राह्यले. राज्याचं सोनं घेतलेला बॉक्सर आपल्या मागं गिलास धरून उभा हाय, हे आमाला पुढं पेपरातनं कळलं.

मी सातवीपतूर शिकलेला. मास्तरांच्या साठीच्या गौरव अंकात लिवायला मी आधी न्हाईच म्हणलो व्हतो. मग सत्कार समितीचे अध्यक्ष घरी आले. म्हणले, आप्पा, दोन पानं लिवा, पर सोनं मिळालं तितंच थांबा, जत्रेतली लढत गाळा. गौरव करायचा आणि हरल्याचं कशाला सांगायचं? माझं डोस्कं फिरलं. लिवायला बसलो ते त्याच्याचसाठी.

आमचा मुळशी तालुका कुस्तीवाला. कुस्तीत पाठ लागली की निकाल लागला. वय झालेल्या पैलवानानं फेटा बांधून वस्ताद म्हणून कडंला बसायचं. पुन्हा मातीत उतरला आणि पोरसवद्या गड्यानं त्याला पाडला, तर आधीची सगळी कमाई गेली असं आमच्यात मानतात. मीबी तेच मानत व्हतो.

मास्तर ड्युटी सुटल्यावर बाजारामागच्या शेडमध्ये बॉक्सिंग शिकवायचे. पर पोरं कोण पाठवणार? लोक म्हणायचे, तोंडं फोडून घ्यायला कशाला पाठवायची. मग मास्तरांनी ठरवलं, लोकांना एकदा बॉक्सिंग दाखवायचं. जत्रेत कुस्त्या झाल्या की एक लढत ठिवा म्हणून पंचांना गळ घातली. समोर म्हाळुंग्याचा बावीस वर्षांचा पोरगा. मास्तर सेहेचाळीस.

मी म्हणलो, "मास्तर, सोनं हाय घरात. त्याच्यावर माती टाकून घेताय."

ते म्हणले, "सोनं कपाटात हाय आप्पा. त्याला कोण मारतंय? मार खायाला मी हाय."

आखाड्यातच दोऱ्या बांधून केलेल्या रिंगच्या कोपऱ्यात मी पाण्याची बादली घेऊन उभा राह्यलो. त्यांच्या कोपऱ्याला कायम मीच असायचो. पयला राउंड बरा गेला. दुसऱ्यात पोरानं बरगडीत असा ठोसा दिला, की मास्तरांनी एक गुडघा टेकला. आता बॉक्सिंगमध्ये गुडघा टेकला म्हंजी लढत संपली असं नसतं. रेफरी दहापतूर मोजतो, त्याच्या आत उठला की पुन्हा चालू. जुने बॉक्सर मुद्दाम टेकतात, दम घ्यायला. पर आमच्या लोकांना कोण सांगणार? मातीला गुडघा लागलेला दिसला आणि हलगी सुरू झाली. माणसं दोरीवरनं उड्या टाकून आत आली आणि त्या पोराला खांद्यावर घेतलं. तो बिचारा वरनं म्हणतोय उतरवा मला, रेफरी एकटाच आकडे मोजतोय. मी वरडलो, की अरं लढत चालू हाय. एक म्हातारा मलाच शानपणा शिकवायला लागला, की पाठ लागली न्हाई, पर लागल्यातच जमा.

तेवढ्यात मास्तर उठून उभे राह्यले व्हते. लढायला समोर कुणीच न्हाई. त्यांनी हातमोजे काढले, पंचांकडनं इनामाचा फेटा मागितला आणि त्या पोराला खाली उतरवून सोता बांधला.

मला राग आवरंना. वाटंत म्हणलो, सांगायचं तरी का न्हाई, की लढत बाकी हाय? तर हसायला लागले. म्हणले, "तिसऱ्या राउंडात त्यानं मला झोपवलाच असता. लोकांनी वाचवला."

त्याच्यापुढं मात्र लई ऐकावं लागलं. चहाच्या टपरीवर, कंपनीत, बसमध्ये एकच, ओव्हाळांनी उतारवयात नाव घालवलं. मास्तर ऐकून घ्यायचे आणि शेड उघडायला जायचे.

आठवडाभरात कासारसाईची एक बाई पोरीला घेऊन शेडवर आली. पिरंगुटला भाजी इकायची. ती म्हणली, "जत्रेत व्हते मी. हरल्यावर जो दुसऱ्याला फेटा बांधतो, त्याच्या हाताखाली माझी पोरगी बिघडायची न्हाई." ती पोरगी आज पोलिसात हाय. तिच्या मागनं दुसऱ्या आल्या, मग पोरं आली. आता हिंजवडीच्या कंप्युटरवाल्यांची पोरंबी येतात आणि मास्तरांच्या हिंदीला हसतात. सोन्याचं ऐकून आमच्या शेडवर एक पोर आलं नव्हतं. म्हणून अध्यक्षांना सांगतो, जत्रा गाळली तर मास्तरांचं निम्मं काम गाळलं.

माणूस कसा म्हणाल, तर माझी मंडळी पुण्यात दवाखान्यात व्हती तवा हे रोज ड्युटी करून बसनं डबा घेऊन यायचे. मी एकदा म्हणलो, बसा की जरा. म्हणले, "बोलायला न्हाई आलो, डबा द्यायला आलो." आणि गेले. मला अशी माणसं पटतात.

पर खोटं लिवणार न्हाई. वय झाल्यावर लढल्याची किंमत पडली. जत्रेनंतरबी मास्तर कैक वर्षं शिकाऊ पोरांबरोबर रिंगमध्ये उतरत राह्यले. शेवटी डाव्या डोळ्याचा पडदा सुटला, ऑपरेशन झालं. डाक्टर म्हणले, आता एक ठोसा बसला तरी डोळा जाईल. नावाची काळजी सगळ्या गावानं केली, डोळ्याची कुणीच केली न्हाई.

आणि आता शिष्यांनी ठरवलं, सत्काराच्या दिवशी मास्तरांचा एक राउंड ठिवायचा. मास्तर हो म्हणून बसले. मला कळलं तसा मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठिवला. त्या म्हणल्या, आप्पा, मी सांगून थकले, आता तुमीच बघा.

मास्तर म्हणले, "एकच राउंड हाय आप्पा. पोरं हळू मारतील."

मी म्हणलो, "हळू मारलेलं तुमाला चालंल का?"

मास्तरांनी कप खाली ठिवला. मग म्हणले, "न्हाई चालणार."

"मग ती जोरात मारतील. आणि त्या दिवशी कोपऱ्यात दुसरा माणूस बघा. मी उभा राहणार न्हाई."

ते उठून अंगणात गेले. वहिनी माझ्याकडं बघत बसल्या, मी कपाकडं. आत आले ते उभ्यानंच म्हणले, "कंपनीत आल्यापासनं तुमच्याबिगर मी कधी उतरलोय का?"

"न्हाई."

"मग झालं."

वहिनींनी गार झालेला चहा पुन्हा गरम केला.

तर मंडळी, सत्काराच्या दिवशी राउंड व्हणार न्हाई. तेवढंच बघायला येणार असाल तर येऊ नका. मास्तरांना भेटायला येणार असाल तर जरूर या, जेवूनच जा.

मास्तर, तुमी साठीचे झाला, मी सहासष्टचा. तुमाला लांब आयुष्य मिळो, अंगात ताकद राहो, आणि शेडमधली शेवटची पोरगी लढंल तवा ती तुमाला दोन्ही डोळ्यांनी दिसो. रिंगच्या बाहेर तुमच्या शेजारची खुर्ची माझी. जय भीम.