साती आसरांचा नारळ

धर्म बदलला की भीती जुन्या घरीच राहते, असं मला वाटत होतं. ती गुपचूप आपल्या मागोमाग येते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या वस्तीनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, त्यानंतरचा तो दुसरा उन्हाळा. घरातले देव आम्ही टोपलीत घालून नदीला सोडून आलो होतो. मायनं ते स्वतःच्या हातानं सोडले, डोळ्यांत टिपूसही आणलं नाही. पण परतताना तिनं मला हळूच विचारलं, बाकीचे देव पाण्यात सोडले ते ठीक, पण साती आसरा तर राहतातच पाण्यात, त्यांना कुठं सोडायचं? सातवी पास झालेला मी रिकामी टोपली काखेत मारून पुढं चालू लागलो. आमच्याकडं डोहात, विहिरीत या सात बहिणी राहतात अशी समजूत होती. त्यांचा नारळ चुकला तर त्या माणूस ओढून नेतात म्हणत. माझा थोरला भाऊ लहानपणी डोहात बुडाला होता. मायच्या लेखी तो बुडाला नव्हता, आसरांनी नेला होता. आणि खरं सांगायचं तर त्या डोहाजवळून जाताना माझेही पाय झपझप पडत.

वस्तीतल्या तरुणांचं आम्ही एक मंडळ काढलं होतं. दिवेलागणीला आमच्या दारापुढच्या निंबाखाली वर्ग भरे. आधी वंदना, मग पाटीवर अक्षरं, मग पंचशीलावर दोन शब्द. हे दोन शब्द मी बोलत असे आणि ते नेहमी वीस होत. माय काही वर्गात बसत नसे. दारात सूप घेऊन दाणे पाखडत राही. मेलेली गुरं ओढण्यासारखी गावकीची कामं आम्ही सोडली तेव्हा गावानं आपली विहीर आम्हाला बंद केली, म्हणून मंडळानं ठरवलं की आपली विहीर आपणच खोदायची. कुदळ मारण्याआधी आसरांना नारळ द्यायची रीत होती. आम्ही तो दिला नाही. त्रिशरण म्हटलं आणि कामाला लागलो. जुनी माणसं लांब उभी राहून बघत होती, आणि कुदळ उचलण्याआधी मीही एकदा डोहाच्या दिशेनं बघून घेतलं.

चैत्र लागला तरी पाणी नव्हतं. त्या दिवशी सकाळी तळाशी मी एकटाच होतो. वरून माझा मित्र गुणवंता टोपलं ओढत होता. पहारीचा एक घाव घातला आणि बाजूची कड खसकन खाली आली. धूळ बसली तेव्हा मी कमरेपर्यंत मुरुमात गाडलो गेलो होतो. पाय हलेनात. गुणवंता दोर धरून उतरू लागला तर आणखी माती सुटली, आणि तो जुना दोर मधेच तुटला. कसाबसा तो वर चढला. मोटेचा जाड नाडा गावात होता, पण तो मागायला गेलेला माणूस परत येईना.

मग माझ्या मांड्यांना गार लागलं. ढासळलेल्या कडेमागून पाणी झिरपत होतं. ज्या पाण्यासाठी आम्ही इतके दिवस घाम गाळला तेच आलं होतं, आणि ते बघून माझा धीर सुटला. मला वाटलं, आल्या त्या. भावाला नेलं तसंच मला न्यायला आल्या. पाणी पोटाला लागलं. वंदनेचा एक शब्द आठवेना. रोज सगळ्यांकडून म्हणवून घेणारा मी, नुसता हातांनी मुरूम उकरत होतो.

वर माय येऊन पोचली होती. तिच्या पदरात काहीतरी बांधलेलं चुलतीनं पाहिलं. तो नारळ होता. आसरांना द्यायला मायनं तो आम्हाला न कळू देता आणला होता. सगळ्या बाया ओरडू लागल्या, टाक तो नारळ, लेकरू वाचव. खालून माझाही जीव तेच म्हणत होता.

मायचा आवाज खाली आला, कोरडा आणि हळू.

"एक लेकरू नेलं त्यायनं माहं. आता त्यायले काईच देत नाई मी."

मग तिनं वंदना सुरू केली. दाणे पाखडता पाखडता ऐकलेली, एका संथ लयीत. मी तिच्यामागून एकेक ओळ म्हणत गेलो. भीती गेली असं मी म्हणणार नाही. दात वाजत होते. पण तिचा आवाज होता तोवर मी एकटा नव्हतो.

तेवढ्यात वर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पोहरादेवीच्या यात्रेला निघालेला एक म्हातारा बंजारा होता. मातीचा ढीग पाहून त्यानं वाट सोडून गाडी इकडं वळवली होती.

"मले वाटलं, एवढी माती काढली म्हनजे इथं पानी असन. बैलं तहानले हायेत," तो म्हणाला, आणि खाली वाकून बघताच गाडीचा नाडा सोडू लागला.

गाडीच्या फळ्या त्यानं काठावर आडव्या टाकल्या, म्हणजे कड आणखी ढासळू नये. वरून सोडलेला नाडा मी काखेतून बांधून घेतला. वरून सगळ्यांनी धरला, आणि तो म्हणाला तसं हळूहळू ओढलं. कोरड्या मुरुमानं मला सोडलं नसतं. पण पाण्यानं त्याचा चिखल झाला होता. ज्या पाण्याला मी भ्यालो होतो त्यानंच माझे पाय मोकळे केले. याला काय म्हणायचं ते मी आजवर ठरवलेलं नाही.

बैलांनी घमेल्यातलं गढूळ पाणी पिऊन घेतलं. म्हाताऱ्यानंही पाणी मागितलं. मायनं पदरातून पाणी गाळलं, पण तांब्या हातातच ठेवून विचारलं,

"आमच्या हातचं चालन का तुमाले?"

"तहान लागली हाये मले, बाई," तो म्हणाला आणि ओंजळ पुढं केली.

नंतर मायनं नारळ गाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेवर फोडला. पहिला तुकडा म्हाताऱ्याला दिला, मग वस्तीतल्या प्रत्येकाला. चिखलानं माखलेल्या माझ्या हातावर शेवटचा ठेवला. "खाय," ती म्हणाली, "आता हा आपला हाये."

शरण गेल्यावर भीती उरत नाही, असं मी वर्गात सांगत असे. त्या दिवसापासून ते सांगणं सोडलं. भीती असतेच. माझे दात वाजत होते तेव्हाही शरण जाता आलं, एवढंच मला ठाऊक आहे. ते मायनं मला शिकवलं. त्या संध्याकाळी वर्गात ती पहिल्यांदा सूप बाजूला ठेवून बसली.

तो म्हातारा पुन्हा कधी भेटला नाही. त्याचं नाव विचारायचंही आम्हाला सुचलं नव्हतं. पण दर चैत्रात पोहरादेवीच्या गाड्या निघाल्या की आमच्या मंडळाची पोरं रस्त्यावर त्याच विहिरीच्या पाण्याचे रांजण मांडतात. मी म्हातारा झालो तरी विहिरीवर जातो, खाली डोकावतो, अजूनही भीती वाटते, आणि रांजणासाठी पहिली बादली मीच काढतो.