हाइट पास

माणूस लठ्ठ झालाय हे सगळ्या गावाला दिसतं, त्याला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं. मला ते डोलवीकडच्या एका कंपनीच्या मेडिकल रूममध्ये, रांगेत उभा असताना कळलं. मी वेल्डर. वीसेक वर्षं ठेकेदाराकडे काढली, त्यातली बहुतेक जमिनीपासून वर, पाइपलाइनच्या सांगाड्यावर. वर चढायचं तर दरवर्षी हाइट पास काढावा लागतो. बीपी बघतात, वजन घेतात, एका पायावर उभं करतात. त्या वर्षी काट्याने एकशेपाच दाखवलं, बीपी दोनदा बघूनही खाली येईना, आणि सेफ्टी बेल्टची बक्कल पोटावर लागेना. मागून कोणीतरी म्हणालं, "शेठ, दोन बेल्ट जोडायला लागतील." सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

पास मिळाला नाही. तीन महिन्यांनी परत या, म्हणाले. तेव्हाही नाही मिळाला तर ठेकेदार वरच्या कामाला दुसरा वेल्डर घेणार होता आणि मी कायमचा खाली. तोवर मला शेडमध्ये बसवलं. ज्या पोरांचे वेल्डिंगचे सांधे कालपर्यंत मी तपासायचो, त्यांना रॉड काढून द्यायचे. कोणी वाईट बोललं नाही. पण कोणी काही विचारायलाही येईना. मला माझीच लाज वाटायची.

घरी काही सांगितलं नाही. रोह्याजवळ वरसेला आमचं दोन खोल्यांचं घर. बायकोने पंधरा दिवस कपडे धुतले आणि म्हणाली, "अवो, शर्टाला भोकं पडायची बंद झाली. काम सुटलं का काय?" वर काम करताना ठिणग्या खांद्यावर पडतात, ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मग सगळं सांगावं लागलं. दुसऱ्याच दिवशी तिने मला रोह्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बीपीची गोळी दिली आणि बजावलं, "भात बंद करा, रोज चालायला लागा."

मी भात सोडला. आमच्याकडे भात सोडणं म्हणजे संन्यासच. भेटेल त्याला सांगत सुटलो. शिफ्टवरून आलो की पाय ओढत नदीपर्यंत जायचं आणि परत यायचं. इतका दमायचो की उंबऱ्यावरच बसकण मारायचो. असा महिना काढला, आणि काटा एका किलोनेही हलला नाही. उलट थोडा वरच.

"खाता काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सकाळी पोहे, सासुरवाडीचे, पेणचे. दुपारी डब्यात तीन भाकऱ्या. संध्याकाळी घावन. भाताचं शीत नाय."

"भाकरी कशाची?"

"तांदळाची. दुसरी कशाची असते?"

त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि पोहे कशाचे होतात? घावन कशाचे?" शेजारी बसलेल्या बायकोने कपाळाला हात लावला. "मंजी मी महिनाभर तुमाला भातच घालत व्हते!"

ती हसली, डॉक्टरीणबाई हसल्या. मला मात्र संताप आला. हातातल्या वेळातले दीड महिने गेले होते. आणि ज्याला आपण काय खातो एवढंही कळत नाही, त्याने वर चढायची भाषा कशाला करावी, असंही वाटून गेलं.

मग नाचणीची एक भाकरी, पालेभाजी, ताक. वजन कमी करण्यात मौज असते असं कोणी म्हणालं तर त्याला खुशाल आमच्या घरी पाठवा. मौज कसली, नुसती भूक आणि चिडचिड. रविवारी पेणला गेलो तर सासूबाईंनी वालाच्या बिरड्याशेजारी भाताचा डोंगर केला. मी पान सरकवलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "जावयाला काय तुरुंगातलं जेवण घालू?"

"आई, त्यांना वाढू नको गो," बायको म्हणाली. "त्यांना वर चढायचं हाय."

हळूहळू फरक पडला, माझ्या आधी तो तिला कळला. माझं घोरणं कमी झालं, म्हणाली. बुटांची नाडी मी श्वास न कोंडता बांधू लागलो. गुडघे कुरकुरायचे थांबले. एके दिवशी शेडमध्ये एका पोराचा सांधा कच्चा दिसला, आणि कोणी न विचारता मी जाऊन त्याला तसं सांगितलं. त्याने निमूटपणे ऐकलं. त्या दिवशी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तीन महिन्यांनी काट्याने सत्त्याण्णव दाखवलं. बीपी आटोक्यात. बक्कल शेवटच्या भोकात का होईना, लागली. पासवर शिक्का मारत मेडिकलवाले म्हणाले, "एक वर्ष." म्हणजे हे सगळं पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्याही.

तरी दुसऱ्या दिवशी चढलो. वर कोणी वाट बघत नव्हतं, ज्याची त्याची कामं चालली होती. पहिला सांधा घेतला आणि मास्कच्या काचेआड मला रडू फुटलं. मास्क होता म्हणून कोणाला दिसलं नाही. सांधा वाकडा गेला. तो घासून काढला आणि पुन्हा केला.